पिवळ्या डोळ्यांचा पुरावा

डहाणू रोड
रविवार, १९ फेब्रुवारी २०१७

सुदर्शन,

आशीर्वाद मागाहून. आधी विचारायचं ते विचारते. तू परत सुरू केलीस का?

परवा घोलवडला प्रविणच्या लग्नात तुला पाहिलं. आपल्या मावसभावाच्या घरचं कार्य, सगळे पुढे, आणि तू मांडवाच्या टोकाला खुर्चीत वाकून बसलेला. उजव्या कुशीवर हात दाबून. मी हाक मारली तेव्हा तू मान वर केलीस. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळाधमक होता. मी काही बोलणार तोवर तू पंगतीत जाऊन बसलास, दोन घास खाल्लेस आणि उठून चिकूच्या वाडीत कुंपणाला धरून ओकलास. हे मी एकटीनेच पाहिलं असतं तर गिळून टाकलं असतं. पण तुझ्या भावोजींनी पाहिलं, प्रविणच्या सासरच्या माणसांनी पाहिलं. कोणीतरी हळूच म्हणालंसुद्धा, "मास्तर सकाळीच लावून आलेत वाटतं."

अण्णांचे डोळे शेवटी असेच झाले होते. सत्त्याऐंशी साल. तू बावीस वर्षांचा होतास, वडिलांचं सगळं बघितलंस. तरी पुढे तुझं तेच झालं. दोन हजार बाराच्या संक्रांतीनंतर तू सोडलीस, माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस, तेव्हा मला वाटलं होतं की आपल्या घरातलं हे संपलं.

तुझ्या आश्रमशाळेत रेंज येत नाही हे मला ठाऊक आहे. रेंज असती तरी फोनवर तू मला गुंडाळतोस. म्हणून कागदावर लिहून पाठव. खरं काय ते लिही. मी अडतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, खाडाखोड कुठे केलीय ते मला कळतं.

वसुमती

*

आश्रमशाळा, ता. तलासरी
२६ फेब्रुवारी २०१७

ताई,

नमस्कार. तुझं पत्र बुधवारी मिळालं. तीनदा वाचलं.

मी प्यायलो नव्हतो. पाच वर्षं आणि एक महिना झाला, थेंब नाही. इथे पाड्यात लग्न असलं की ताडीचा ग्लास आधी मास्तरच्या हातात देतात, तो मी मान देऊन परत करतो. सगळ्यांना माहीत आहे.

आता दुखण्याचं सांगतो. जानेवारीपासून जेवणानंतर बरगडीखाली उजवीकडे कळ येते. तिथून ती पाठीत, खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते. तासभर कोणीतरी आतून पिळतंय असं वाटतं, मग आपोआप थांबते. लग्नाच्या आदल्या दिवशी लघवी कडक चहासारखी झाली आणि तळहातांना खाज सुटली. आरशात बघितलं तर डोळे पिवळे. न येण्याचा विचार केला होता, पण आलो नसतो तर तुम्ही वेगळंच काही समजला असता. आलो तरी तेच समजलात.

लग्नानंतर मी तलासरीत एका डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने माझ्या पोटाला हात लावायच्या आधी तोंडाजवळ नाक आणून वास घेतला. "कधीपासून घेता?" मी म्हटलं, पाच वर्षांपूर्वी सोडली. तो हसला. रक्त नाही, सोनोग्राफी नाही, कागदावर लिहिलं: दारूमुळे यकृताला सूज. मी तो कागद बाहेर येऊन फाडला. वर्गात पन्नास पोरं माझ्याकडे बघत असतात, ताई. असा कागद खिशात घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहू शकत नाही.

इथल्या पाड्यातली बुधीबाई काविळीचं औषध देते. तिने मूळ उगाळून दिलं, तीन दिवस घेतलं. आता डोळे बरेच निवळलेत, लघवीही साफ आहे. म्हणजे उतरली.

एकच शंका राहून राहून येते. २०१० साली पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते तेव्हा अगदी असंच दुखायचं. पण ते जाऊ दे. नीलमला यातलं काही सांगू नकोस. ती तिकडे घरी, वाणगावला, तिच्या शाळेच्या कामात आहे, लग्नालाही येऊ शकली नाही, उगाच धावत येईल.

तुझा
सुदर्शन

*

डहाणू रोड
५ मार्च २०१७

सुदर्शन,

पत्र वाचलं. खाडाखोड नाही, पण म्हणून मला पटलं असं नाही.

तू म्हणतोस पिशवीतल्या खड्यांसारखं दुखतंय. अरे, ती पिशवी सात वर्षांपूर्वी मुंबईला काढून टाकली. ऑपरेशनच्या वेळी मीच बाहेर बसले होते. बाटलीत घालून दिलेले खडे मीच घरी आणले. पिशवीच नाही तर खडे राहणार कुठे? एवढं तर मलाही कळतं. आणि कावीळ चढली की उतरायला आठवडे जातात. चार दिवस पिवळा, चार दिवस बरा, असं कशाने होतं? ज्या दिवशी घेतलीस त्या दिवशी डोळे पिवळे, बंद केलीस की साफ. मला तर दुसरा अर्थ दिसत नाही.

डॉक्टरने वास घेतला याचा तुला राग आला. तो रोज दहा पिणारे बघत असेल. अण्णासुद्धा डॉक्टरसमोर शपथा घ्यायचे.

होळीला येऊ नकोस. तुझ्या भावोजींचे लोक येणार आहेत आणि पुन्हा तो तमाशा बघायचं बळ माझ्यात नाही. रक्त तपासून कागद आण, मग माझं दार उघडं आहे.

वसुमती

*

वापी
शुक्रवार, २४ मार्च २०१७

वसुताई,

हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय. तुम्हाला फोन मुद्दामच केला नाही. ह्यांच्या शर्टाच्या खिशात तुमचं पाच तारखेचं पत्र सापडलं, घामाने चिकटलेलं. ते वाचल्यावर माझ्या तोंडून काय निघालं असतं याचा भरवसा नव्हता. लिहिताना निदान थांबता येतं.

हे जिवंत आहेत. आधी एवढं वाचा.

होळीनंतरच्या शनिवारी हे वाणगावला आले नाहीत. परीक्षेचं काम आहे, असा निरोप पाठवला. मी विश्वास ठेवला. आता कळतंय, डोळे परत पिवळे झाले होते म्हणून आले नाहीत. वर्गात आठवडाभर काळा गॉगल लावून शिकवत होते. पोरांना सांगितलं, डोळे आलेत.

सोमवारी सकाळी प्रार्थनेला हे आले नाहीत म्हणून स्वयंपाकघरातली सुकी त्यांच्या खोलीवर चहा घेऊन गेली. तिने मला नंतर सांगितलं, "बाई, खाट हालत होती. मला वाटलं खाटेखाली कुत्रं शिरलंय. बघते तर मास्तर थंडीने उडत होता." अंग तव्यासारखं तापलेलं, आणि तोंडाने पाढे म्हणत होते. तेरा एके तेरा. सुकीला ओळखलं नाही. तिने आरडाओरडा करून मुख्याध्यापक धोडी सरांना आणलं, जीपमध्ये घातलं आणि सरळ इथे. मी पोहोचले तेव्हा रक्तदाब सत्तरवर आला होता.

इथल्या देसाई डॉक्टरांनीही विचारलं, "पितात का?" मी म्हटलं, "मला विचारू नका, त्यांच्या रक्ताला विचारा." त्यांनी रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, मग एमआरसीपी म्हणून एक एमआरआयसारखी तपासणी. त्यातला फोटो मला दाखवला. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी असते. ती दोरीएवढी बारीक हवी, ह्यांची अंगठ्याएवढी फुगली होती. आणि तळाशी तीन काळे ठिपके, एकावर एक. खडे.

मी तुमचंच वाक्य बोलले, ताई. म्हटलं, पिशवी तर काढलीय, खडे आले कुठून? डॉक्टर म्हणाले, "बेन, थेली गई, पण नळी तो छे ने?" मग मराठीत समजावलं. पित्त पिशवीत तयार होत नाही, यकृतात होतं. पिशवी फक्त साठवते. ह्यांच्या नळीचं तोंड अरुंद झालंय, तिथे पित्त साचून राहिलं, साचल्यावर जंतू झाले आणि गाळ बसत बसत त्याचे मऊ तपकिरी खडे झाले. कित्येक वर्षं लागली असतील. खडा तोंडाशी अडकला की पित्त मागे फिरून रक्तात जातं, डोळे पिवळे. खडा जरा वर सरकला की वाट मोकळी, डोळे साफ. म्हणून चार दिवस पिवळे, चार दिवस बरे.

या खेपेस खडा सरकला नाही. आत पू झाला आणि तो रक्तात गेला. मंगळवारी तोंडातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडाला लहानसा छेद दिला. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या आधी पूच आला. एक खडा आपोआप बाहेर पडला. बाकीचे दोन काढण्याएवढी ताकद ह्यांच्यात नव्हती, म्हणून नळीत प्लॅस्टिकची बारीक नळी बसवली आहे. तब्येत सुधारली की मे महिन्यात परत यायचं, राहिलेले खडे आणि ती नळी दोन्ही काढायची.

आणि शेवटचं. दारूने होतं तसं यकृत ह्यांचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. एक दिवस उशीर झाला असता तर हात टेकले असते, असंही म्हणाले.

मला एकच कळत नाही. इतकं दुखत असताना हा माणूस दवाखान्यात का गेला नाही? तुमचं पत्र वाईट होतं, पण एका पत्राने माणूस जीव धोक्यात घालतो का? धोडी सर काहीतरी सांगायला तोंड उघडतात आणि गप्प होतात.

नीलम

*

डहाणू रोड
२८ मार्च २०१७

सुदर्शन,

आज पाडवा. घरात गुढी उभारली नाही. तुझ्या भावोजींनी कारण विचारलं, मी नीलमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचता वाचता खाली बसले.

मी परवा वापीला आले होते. गाडीतून उतरून हॉस्पिटलपर्यंत आले. तुझ्या वॉर्डच्या काचेतून तू दिसलास, नाकात नळी, हात बांधल्यासारखे दोन्हीकडे. नीलम तुझ्या ओठांना ओला कापूस लावत होती. मी दार ढकललं नाही. तिथूनच परत फिरले. का, ते आता लिहिते. हे वाचल्यावर तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल.

पाच तारखेला तुला पत्र टाकलं. सहा तारखेला मी आणखी एक पत्र टाकलं. धोडी सरांना. त्याची प्रत संस्थेला. खाली नाव घातलं नाही, 'एक हितचिंतक' असं लिहिलं. तुमचे गणिताचे शिक्षक सावे पुन्हा मद्यपान करू लागले आहेत, मुलांच्या हितासाठी चौकशी व्हावी, असं.

मला वाटलं, मी सांगून तू ऐकत नाहीस, नोकरीची भीती बसली तर सोडशील. अण्णांना कोणी असं घाबरवलं असतं तर ते वाचले असते, हे मी तीस वर्षं मनात घोकत आलेय. खरंच तसंच वाटलं होतं. आता लिहिताना ते वाक्य मलाच किळसवाणं वाटतंय.

नीलम विचारते तू दवाखान्यात का गेला नाहीस. धोडी सर काय सांगायचं टाळतायत ते मला माहीत आहे. मी नीलमला अजून काही कळवलेलं नाही. आधी तुला सांगायला हवं होतं.

मी तुझा जीव घेत होते, सुदर्शन. आणि तुला वाचवतेय असं समजत होते.

वसुमती

*

वाणगाव
९ एप्रिल २०१७

ताई,

घरी येऊन आठ दिवस झाले. आता भिंतीला न धरता न्हाणीपर्यंत जातो. भाताची पेज आणि उकडलेला दुधी. अशक्तपणा आहे, अक्षर समजून घे.

तुझं पत्र वाचून मला धक्का बसला नाही. माझा धक्का चौदा मार्चला बसून गेला होता.

त्या दिवशी धोडी सरांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि कागद पुढे केला. म्हणाले, "सावे सर, कोणीतरी निनावी लिहिलंय. माझा विश्वास नाही. पण संस्थेकडे प्रत गेलीय, मला कारवाई दाखवावी लागेल. एकदा रक्त तपासून दाखला आणा, विषय संपवू." मी कागद हातात घेतला. पहिली ओळ वाचायच्या आधीच ओळखलं. ताई, मला अक्षर तूच शिकवलंस. मी पाच वर्षांचा होतो, ओट्यावर माझा हात धरून तू गिरवून घ्यायचीस. जगात दुसऱ्या कोणाचंही अक्षर मी चुकेन, तुझं कसं चुकेन?

सरांनी विचारलं, "कोणाचं असेल, काही अंदाज?" मी म्हटलं, "नाही सर."

खुर्चीतून उठताना मला काही ऐकू येत नव्हतं. बाहेर पोरं कबड्डी खेळत होती, त्यांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज नव्हता. तसाच खोलीवर गेलो. आरशात डोळे परत पिवळे व्हायला लागले होते. आणि मला हसू आलं. रक्त तपासायला गेलो तर कावीळ निघणार, कावीळ निघाली की सगळ्यांना पुरावा मिळणार. तलासरीच्या डॉक्टरने न तपासता लिहिलं होतं, आता तपासून लिहिलं असतं. म्हणून ठरवलं, डोळे निवळेपर्यंत थांबायचं. मागच्या वेळी चार दिवसांत निवळले होते. या वेळीही निवळतील, मग सरळ जाऊन रक्त देईन. गॉगल त्यासाठी.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. बुधीबाईने तिसऱ्या दिवशी माझी पापणी ओढून बघितली आणि औषध बंद केलं. म्हणाली, "माझी कावीळ चढते आणि उतरते, मास्तर. ही जिन्यावर खेळते. ही माझी नाय. तू दवाखान्यात जा." तिला अक्षर येत नाही. पण माझ्या आजाराकडे बघून निर्णय घेणारी ती पहिली. बाकी आम्ही सगळे, मीसुद्धा, माझ्या जुन्या दारूकडे बघत होतो. तिचं ऐकलं असतं तर दुर्बिणीने सरळ खडे निघाले असते, पू झालाच नसता.

म्हणून सगळा दोष तुझ्यावर टाकत नाही. पण माफ केलं असंही लिहिता येत नाही. प्रयत्न केला, दोनदा कागद फाडला. नीलमला मी सांगितलं. ती रडली नाही, फक्त तुझा आणि भावोजींचा लग्नातला फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवून दिला.

सध्या भेटायला येऊ नकोस.

सुदर्शन

*

डहाणू रोड
२३ एप्रिल २०१७

सुदर्शन,

येणार नाही. पण एक विचारायला मी काल देसाई डॉक्टरांकडे जाऊन आले. तुझ्याबद्दल नाही, अण्णांबद्दल.

तुला आठवतं का, शेवटच्या महिन्यात अण्णांना संध्याकाळी हुडहुडी भरायची? आई दोन गोधड्या घालायची, वर मी बसायचे. आणि पित्राचं जेवण झालं की उजव्या कुशीवर हात धरून ते ओटीवर फेऱ्या मारायचे. मधे पंधरा दिवस त्यांचे डोळे साफ झाले होते. मी त्यांना म्हटलं होतं, बघा, बंद केली की कसे बरे होता. ते म्हणाले होते, "वसू, मी दिवाळीपासून घेतलीच नाही गं." मी तोंड फिरवलं. तेव्हा मी तीस वर्षांची होते, शिक्षिका होते, मला सगळं कळत होतं.

हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पीत होते हे खरं. पण तुम्ही सांगता ते थंडी-ताप, दुखणं, पिवळेपणाची चढ-उतार, हे नळीतल्या खड्याचंही असू शकतं. तेव्हा तिथे सोनोग्राफी नव्हती. आता कोण सांगणार?"

मी बाहेर येऊन बाकावर बसले. शेजारच्या बाईने विचारलं, पेशंट कोण तुमचा? मी उठून स्टेशनची वाट धरली.

तीस वर्षं मी एका माणसाला मनात उभं करून बोल लावत आले. त्याच रागाच्या जोरावर तुला पत्र लिहिलं. आणि तो राग कदाचित खोट्यावर उभा होता. कदाचित. हा शब्द मला झोपू देत नाही.

मे महिन्यात नळी काढायची तारीख चुकवू नकोस. शाळेचं, लग्नाचं, कशाचंही निमित्त काढू नकोस. आत राहिली की तीच बुजते आणि तिच्याभोवती नवे खडे बसतात, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं. या पत्राला उत्तर नको. फक्त जा.

वसुमती

*

आश्रमशाळा, ता. तलासरी
२० जून २०१७

ताई,

तुझ्या एप्रिलच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते कळेना. अण्णांचं वाचल्यापासून मीही अडकलोय. मीसुद्धा त्यांच्याशी शेवटचा महिनाभर बोललो नव्हतो.

सोळा मेला नळी निघाली. दोन्ही खडेही निघाले. एक जाळीत धरून ओढला, दुसरा मोठा होता, तो आतच फोडून तुकडे काढले. नीलमने बघायला मागितले. ओल्या गुळासारखे होते, बोटाने दाबले की भुगा. एवढ्याशा चिखलाने माणूस मरतो, असं ती म्हणाली. आता रक्ताचे आकडे सरळ आहेत. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.

हे सगळं तुला देसाई डॉक्टरांकडून कळलं असेल. मला लिहायचंय ते गुरुवारचं.

पंधरा तारखेला शाळा उघडली. साडेदहाला स्टाफ मीटिंग. मी अजून मागच्या बाकावर बसतो. मी आत गेलो की बोलणं थांबतं, ते तीन महिन्यांत बदललं नव्हतं. रक्ताचा दाखला दिला, धोडी सरांनी वाचून दाखवला, तरी दोघेजण एकमेकांकडे बघून हसले. निनावी कागदाचा डाग दाखल्याने जात नाही.

तेवढ्यात दारात तू. छत्री टपकतेय, साडीला गुडघ्यापर्यंत चिखल. तलासरीच्या नाक्यापासून एवढं तू चालत आलीस हे मला नंतर सुकीने सांगितलं. मला वाटलं घरी काहीतरी झालं, भावोजींना काहीतरी झालं. मी उभाच राहिलो. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

"मी वसुमती चुरी," तू म्हणालीस, "निवृत्त शिक्षिका. सावे सरांची मोठी बहीण. मार्चमध्ये तुमच्याकडे आलेलं ते निनावी पत्र माझं आहे."

ताई, कोणाच्या तरी हातातला पेन खाली पडला. तो घरंगळत गेलेला सगळ्यांनी ऐकला.

धोडी सर उठले. "बाई, तुम्ही बसा आधी. पाणी घ्या."

"बसून सांगण्यासारखं नाही ते," तू म्हणालीस. "मी न बघता लिहिलं. माझ्या भावाच्या नळीत खडे होते, त्याने डोळे पिवळे झाले. मी ते दारूवर घातलं. तो तपासायला जाईना, कारण माझ्या पत्राने त्याला घाबरवलं होतं. तो मेला असता तर ती माझी करणी असती. तुम्हाला त्याच्याबद्दल काही बोलायचं असेल तर आधी माझ्याबद्दल बोला." आणि मग जरा थांबून, "माझं चुकलं. मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागते."

बावन्न वर्षांत हा शब्द मी तुझ्या तोंडून ऐकला नव्हता. आईकडे नाही, भावोजींकडे नाही, कोणाकडेच नाही. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. तू एवढीशी दिसत होतीस त्या दारात. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पुरे, गप्प बस.

तू बसली नाहीस, पाणीही घेतलं नाहीस, पावसात तशीच गेलीस. मी मागे धावायला हवं होतं. धावलो नाही. स्वयंपाकघराच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि रडलो, अण्णा गेले तेव्हा रडलो नव्हतो तेवढा. सुकी तांदूळ धूत होती. तिने तांदूळ तसेच टाकले आणि धावत आली. "मास्तर, परत पोटात दुखतंय का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तिला खरं वाटेना. तिने माझी पापणी ओढून डोळा उजेडात बघितला, मगच गेली.

त्यानंतर स्टाफरूममध्ये गेलो तर बोलणं थांबलं नाही. कोणीतरी सरकून जागा दिली. एवढंच झालं, पण झालं.

नीलमला मी सांगितलं. फोटो अजून कपाटात आहे. तिला वेळ लागेल, आणि थोडा मलाही. या रविवारी येत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी एकटा येतो. तू सकाळी घरी अस.

सुदर्शन